अडीच लाखांच्या वतीनं बोलायचं कुणी?

हा भाग एका व्हॉइस नोटमुळे झाला. गिरणी संपाबद्दल मागे बोललो होतो, तेव्हा जाता जाता मी म्हणून गेलो की 1982चा संप कायद्याच्या भाषेत बेकायदेशीर होता. त्यावर एका श्रोत्यानं विचारलं, ‘अडीच लाख माणसं कामावर गेली नव्हती ना? मग कायदा नेमकं कुणाचं ऐकत होता?’

प्रश्न ऐकून मी आधी हसलो आणि मग रात्री कायदा उघडून बसलो. छोटं उत्तर असं, की कायदा एकाच युनियनचं ऐकत होता, आणि संप त्या युनियननं पुकारलेलाच नव्हता. पण हे उत्तर देऊन थांबलं तर कायदा करणारे सगळे लबाड होते असं वाटेल, आणि ते तितकं खरं नाही. म्हणून थोडं मागे जाऊ. सुरुवात मुंबईत नाही, मद्रासमध्ये होते.

1918च्या एप्रिलमध्ये तिथं मद्रास लेबर युनियन उभी राहिली. बी. पी. वाडिया तिचे अध्यक्ष. बकिंगहॅम आणि कर्नाटिक या दोन गिरण्या होत्या, चालवणारी कंपनी बिन्नी. 1920 मध्ये टाळेबंदी झाली, कामगार बाहेर राहिले, आणि कंपनी थेट मद्रास हायकोर्टात गेली. तक्रार काय, तर कामगारांनी कंपनीशी नोकरीचा करार केलेला आहे आणि हे युनियनवाले त्यांना तो करार मोडायला फूस लावतायत. तेव्हा युनियनसाठी वेगळा कायदाच नव्हता. कोर्टासमोर होता तो इंग्लंडहून आलेला जुना करारांचा कायदा, आणि त्या कायद्यात फूस लावणं हा दोष. हायकोर्टानं वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांविरुद्ध मनाई हुकूम दिला. पुढे तडजोड झाली, पण वाडियांना कामगार चळवळीतून बाहेर पडावं लागलं.

म्हणजे बघा, चार माणसं एकत्र येऊन ‘आज काम नको’ म्हणाली, तर ज्यानं त्यांना एकत्र आणलं तोच अडकला. हे ऐकून देशभरच्या कामगार पुढाऱ्यांच्या पोटात गोळा आला. 1921 मध्ये आपल्या रायगडमधल्या गोरेगावचे ना. म. जोशी यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात ठराव आणला, की कामगार संघटनांना संरक्षण देणारा कायदा करा. पाच वर्षं गेली आणि 1926 मध्ये ट्रेड युनियन्स ॲक्ट आला. नोंदणी झालेल्या युनियनच्या पदाधिकाऱ्यावर, संप केला एवढ्याच कारणावरून करारभंगाला चिथावणी दिल्याचा दावा लावता येणार नाही, असं त्यात आलं. वाडियांवर जे बेतलं ते पुन्हा कुणावर बेतू नये, एवढं त्या कायद्यानं बघितलं.

पण एक गोष्ट राहून गेली. सात माणसं एकत्र आली की युनियनची नोंदणी होत होती. मालकानं त्या युनियनशी बोललंच पाहिजे, असं कुठं लिहिलेलं नव्हतं. एका कारखान्यात चार युनियन असतील तर खरी कुठली, मालकानं सही कुणाबरोबर करायची, याबद्दल कायदा गप्प. 1947 मध्ये मान्यता सक्तीची करणारी दुरुस्ती मंजूर झाली, पण ती अमलात कधीच आणली गेली नाही. आपल्याकडे असे कायदे पुष्कळ असतात. छापलेले, पण कपाटातच राहिलेले.

आता मुंबईत येऊ.

1928चा गिरणी संप सहा महिने चालला. त्यातूनच लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन मोठी झाली. कामगारांच्या वतीनं कोण बोलणार, या प्रश्नाला तेव्हाही दोन बाजू होत्या, आणि दुसरी बाजू बाबासाहेब आंबेडकरांनी दाखवली. विणकाम खात्यात पगार बरा मिळायचा, पण तिथं अस्पृश्य कामगारांना घेत नसत. कारण काय, तर धोट्यातून सूत तोंडानं ओढून घ्यावं लागायचं, आणि त्या धोट्याला यांचं तोंड लागलं तर इतरांना विटाळ. बाबासाहेबांनी पुढाऱ्यांना विचारलं, मागण्यांच्या यादीत ही मागणी का नाही? म्हणजे मालकासमोर ‘आम्ही सगळे’ म्हणणाऱ्या युनियनच्या आतही कुणाचा तरी आवाज दबलेला असू शकतो. हे लक्षात ठेवा. ‘युनियन म्हणजे सगळे कामगार’ हे वाक्य कायद्यात येण्याच्या कितीतरी आधी त्यावर प्रश्नचिन्ह लागलेलं होतं.

दहा वर्षांनी, 1938 मध्ये, मुंबई प्रांतात काँग्रेसचं सरकार होतं, बाळासाहेब खेर मुख्यमंत्री. त्यांनी औद्योगिक कलहांचा कायदा आणला. आधी नोटीस, मग समेटाची बोलणी, ती संपेपर्यंत संप नाही. केला तर बेकायदेशीर, आणि शिक्षा. बाबासाहेब तेव्हा स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते म्हणून विधानसभेत होते. त्यांनी विरोध केला. त्यांचा मुद्दा असा, की संप करणं म्हणजे आपली मेहनत आपल्याला मान्य नसलेल्या अटींवर न देणं. तो हक्क काढून घेतलात तर माणसाचं स्वातंत्र्यच काढून घेतलंत. 7 नोव्हेंबर 1938ला मुंबईत एक दिवसाचा संप झाला. त्यात आंबेडकर आणि डांगे एका बाजूला होते. या दोघांना एका व्यासपीठावर आणणारी गोष्ट सहज सापडत नाही.

कायदा तरीही झाला. आणि 1946 मध्ये त्याची जागा ज्यानं घेतली तोच आपल्या गोष्टीतला मुख्य कायदा. मुंबई औद्योगिक संबंध अधिनियम. गिरणगावात त्याला सगळे ‘बीआयआर ॲक्ट’ म्हणायचे. शाळेत न गेलेल्या म्हाताऱ्यालासुद्धा ही तीन इंग्रजी अक्षरं पाठ होती.

हा कायदा आणणारे मजूरमंत्री गुलझारीलाल नंदा. पुढे दोनदा देशाचे हंगामी पंतप्रधान झाले तेच. नंदा त्याआधी कितीतरी वर्षं अहमदाबादच्या मजूर महाजन संघाचं काम बघत होते. 1918चा अहमदाबादचा संप, गांधीजी, अनसूया साराभाई, त्यातून आलेली ही युनियन. एक शहर, एक युनियन, आणि भांडण झालं की लवाद. तिथं हे बऱ्यापैकी चाललं. नंदांनी तो साचा मुंबईला आणून बसवला, असं मला वाटतं. पण मुंबईत लाल बावटा होता, समाजवादी होते, काँग्रेसचा राष्ट्रीय मिल मजदूर संघ होता. इथं कामगार गणपतीत एकत्र आणि गेट मीटिंगला तीन ठिकाणी.

आता कायदा काय म्हणतो ते नीट ऐका, कारण पुढचं सगळं यावर आहे. एखाद्या शहरातला एक उद्योग घ्यायचा. इथं मुंबईतल्या सगळ्या कापड गिरण्या मिळून एक. त्या सगळ्या कामगारांपैकी ठरावीक टक्के ज्या युनियनचे सभासद असतील, ती ‘रिप्रेझेंटेटिव्ह’, म्हणजे प्रतिनिधी युनियन. सुरुवातीला हा आकडा कमी होता, नंतर तो पंचवीस टक्क्यांवर आला. निम्मे नाही, पाव. मोजायचं कसं? वर्गणीच्या पावत्या आणि सभासदांची वही बघून. बघणार रजिस्ट्रार. मतदान नाही. आणि एकदा हा शिक्का मिळाला, की मालकाशी बोलणी, करार, कोर्टातली हजेरी, सगळं त्याच युनियनकडे. बाकीचे पंचाहत्तर टक्के लोक सभासद असोत नसोत, करार त्यांनाही लागू. मुंबईच्या गिरण्यांत हा शिक्का मिळाला राष्ट्रीय मिल मजदूर संघाला.

ढोबळ हिशेब करा. अडीच लाख कामगार असतील तर पाव म्हणजे साडेबासष्ट हजार. समजा तुमच्या एका गिरणीतले सगळेच्या सगळे कामगार एका रात्रीत दुसऱ्या युनियनमध्ये गेले. काय फरक पडणार? काहीच नाही. कारण मोजमाप गिरणीचं नाही, अख्ख्या शहराचं. पावत्या फुगवलेल्या असतात, हा विरोधी युनियनचा आरोप तर वर्षानुवर्षं होताच.

आणि हे काही 1982 मध्ये अचानक कळलेलं नाही. 1950 मध्येच समाजवाद्यांच्या मिल मजदूर सभेनं बोनसवरून संप केला. त्रेसष्ट दिवस. शिक्का एकाकडे, माणसं दुसऱ्याच्या मागे, हे तेव्हाच दिसलं होतं. संप फसला, शिक्का जागेवर राहिला.

मग कुणीतरी हे प्रकरण कोर्टात नेणार हे उघड होतं. नेलं अहमदाबादच्या कामगारांनी. 1960 मध्ये राज्यं वेगळी झाली, तरी बीआयआर कायदा गुजरातमध्येही चालू राहिला होता. गुजरात स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीच्या कामगारांनी भरपाई मिळावी म्हणून अर्ज केला होता. प्रतिनिधी युनियन कोर्टात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, आम्हाला हे प्रकरण पुढे चालवायचं नाही. कामगार म्हणाले, अहो, पण आम्हाला चालवायचंय! अर्ज आमचा आहे!

हा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि 1962 मध्ये निकाल आला. कोर्टानं कायद्याचं कलम वाचलं. त्यात लिहिलं होतं, की कामगारांच्या प्रतिनिधीमार्फतच हजर राहता येईल, दुसऱ्या कुणाला नाही. कोर्ट म्हणालं, ही बंदी पूर्ण आहे. प्रतिनिधी युनियन आली की कामगारानं बाजूला व्हायचं. आणि युनियन प्रामाणिकपणे वागतेय की बदहेतूनं, याचा या बंदीशी संबंध नाही.

हे मी दोनदा वाचलं. चहा घेतला आणि परत वाचलं. युनियनचा हेतू वाईट असला तरी बोलणार तीच.

कोर्टाची बाजू समजून घ्यायची तर अशी, की न्यायाधीशांनी कायदा केला नव्हता, वाचला होता. प्रत्येक कामगाराला ‘माझी युनियन खोटी आहे’ म्हणून मध्येच उठू दिलं तर एकही करार टिकणार नाही, आणि सगळ्यांसाठी मिळून एकदाच बोलायचं ही कल्पनाच कोसळेल. हे म्हणणं चुकीचं नाही. नंतर किमतराय प्रिंटर्सच्या प्रकरणात हाच प्रश्न पुन्हा आला आणि सुप्रीम कोर्टानं 1962चीच रेघ पुढे ओढली. युनियन विरोधात गेलीय असं वाटतं, तर तिची नोंदणी रद्द करून घ्या, तो मार्ग कायद्यात आहे.

आहे खरा. त्या मार्गावर किती लांब जाता येतं ते आता बघू.

नोंदणी रद्द व्हायला युनियन मालकाच्या हितासाठी चालतेय हे दाखवावं लागणार. रजिस्ट्रारसमोर, कागदोपत्री. हे अवघड, म्हणून दुसरी वाट. आपली युनियन मोठी करा, जास्त सभासद जमवा आणि तिच्या जागी स्वतः नोंदणी मागा. ठीक. पण माणसं नव्या युनियनमध्ये कधी येतात? ती लढताना दिसते तेव्हा. गिरणगावात लढणं म्हणजे संप. आणि कायदेशीर संपासाठी जी बदलाची नोटीस द्यावी लागते ती कामगारांच्या प्रतिनिधीनं द्यायची, म्हणजे पहिल्यांदा त्याच शिक्केवाल्या युनियननं. तिला डावलून केलेला संप बेकायदेशीर ठरण्याची जवळजवळ खात्रीच. पुढे त्याच कायद्यात आणखी एक अट होती. अर्जाच्या आधीच्या सहा महिन्यांत जिनं बेकायदेशीर ठरलेल्या संपाला चिथावणी किंवा मदत दिली असेल, त्या युनियनची नोंदणी करायची नाही.

झालं! जी युनियन लढून माणसं मिळवणार, तिला लढल्याबद्दलच दार बंद. माझ्या मते 1982च्या संपाची खरी गाठ इथं आहे. पगार, बोनस, बदली कामगारांचे हाल हे सगळं होतंच. पण ते बोलायचं कुठं, याची जागाच शिल्लक नव्हती.

1981च्या दिवाळीत बोनसवरून खदखद सुरू झाली. मजदूर संघानं केलेला करार कामगारांना मान्य नव्हता. ऑक्टोबरमध्ये प्रभादेवीच्या स्टँडर्ड मिलचे कामगार मोर्चानं घाटकोपरला डॉ. दत्ता सामंतांच्या घरी गेले. डॉक्टर मुळात घाटकोपरचे प्रॅक्टिस करणारे, दगडखाणीतल्या मजुरांसाठी युनियनमध्ये आलेले, काँग्रेसचे आमदार होऊन आणीबाणीत तुरुंगात जाऊन आलेले. इंजिनिअरिंग कारखान्यांत त्यांनी पगारवाढी मिळवून दिल्या होत्या आणि ती कीर्ती चाळीचाळींत पोचली होती. त्यांनी महाराष्ट्र गिरणी कामगार युनियन काढली. 18 जानेवारी 1982ला साठच्या आसपास गिरण्यांचे भोंगे थांबले.

मागण्यांत पगारवाढ होती, बदलीवाल्यांना कायम करणं होतं, आणि सगळ्यात नाजूक मागणी होती ती बीआयआर कायदा रद्द करा ही. पगारावर घासाघीस करता येते हो. शंभर मागितले, साठ दिले. पण ‘बोलणाराच बदला’ यात अर्धं काय देणार? सरकार म्हणणार, कायद्यानं आम्ही मजदूर संघाशीच बोलू शकतो. गिरणीमालक तेच म्हणणार, आणि त्यांना ते सोयीचंही होतं. कित्येक गिरण्यांत माल पडून होता, यंत्रं जुनी झाली होती, आणि संप चालू असताना पगार द्यावा लागत नव्हता. सामंतांशी करार केला असता तर कायद्यात त्याची किंमत काय, हाही प्रश्न उरलाच असता. बोलणी व्हायची ती ज्यांच्या मागे माणसं नव्हती त्यांच्याशी. ज्यांच्या मागे माणसं होती त्यांना टेबलावर खुर्ची नव्हती.

काही लोक म्हणतात, सामंतांनी ताणलं. वेळेवर मागे यायला हवं होतं. मला हे अगदीच खोटं वाटत नाही. कोकणात नि घाटावर गावी गेलेली माणसं भाताच्या लावणीपर्यंत तग धरून होती, नंतर भांडी विकायची वेळ आली, आणि इतकं होऊन पुढाऱ्याकडे मागे यायचा रस्ता तयार नव्हता. पण मागे यायचं कुणाकडे, हेही विचारायला हवं. ‘बेकायदेशीर’ ठरलेल्या संपातून सन्मानानं बाहेर पडायला समोर कुणीतरी सही करणारा लागतो.

संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही. 1983 मध्ये केंद्रानं मुंबईतल्या तेरा गिरण्यांचं व्यवस्थापन ताब्यात घेतलं. माणसं तुकड्यातुकड्यानं परत गेली, हजारोंना परत घेतलंच नाही. 1984 मध्ये सामंत दक्षिण मध्य मुंबईतून खासदार झाले, इंदिराजींच्या हत्येनंतरच्या लाटेतसुद्धा. म्हणजे जिथं गुप्त मतदान होतं तिथं ते निवडून आले. जिथं पावत्या मोजायच्या होत्या तिथं ते कुणीच नव्हते. 16 जानेवारी 1997ला पवईत त्यांचा खून झाला.

तुम्ही म्हणाल, हे फक्त गिरण्यांचं झालं. नाही. बाकीच्या कारखान्यांसाठी महाराष्ट्रात 1971चा वेगळा कायदा आहे. एमआरटीयू अँड पीयूएलपी, नाव घेतानाच दम लागतो. तिथं मान्यता कारखान्यापुरती, तीस टक्के सभासद, सहा महिने. आणि एक शहाणपणाची गोष्ट त्यांनी केली. नोकरीवरून काढलं, निलंबित केलं, अशा प्रकरणांत कामगार स्वतः उभा राहू शकतो. बाकी करारांत मात्र मान्यताप्राप्त युनियनच.

यावरही भांडण झालं. बामर लॉरी कंपनीत मान्यताप्राप्त युनियननं पगाराचा करार केला. थकबाकी मिळणार होती. करारात एक कलम होतं, की प्रत्येक कामगाराच्या थकबाकीतून पंधरा टक्के कापून युनियनच्या फंडात जमा करायचे. दुसऱ्या युनियनचे लोक चिडले, आणि का नाही चिडणार? ज्या युनियनमध्ये मी नाही तिला माझ्या पैशातून वर्गणी? ते म्हणाले, आम्हाला बोलूच न देणारा हा कायदा घटनेनं दिलेल्या संघटना स्वातंत्र्याच्या विरुद्ध आहे. 1984च्या डिसेंबरमध्ये सुप्रीम कोर्टानं ते फेटाळलं. न्यायमूर्ती देसाईंचं म्हणणं असं, की युनियन काढायचं तुमचं स्वातंत्र्य कुणी घेतलेलं नाही, फक्त सगळ्यांच्या वतीनं बोलायचा मान एकीला दिलाय. करार झाला की फायदा तुम्हीही घेता, मग कपातही सोसा. तारीख बघा. गिरण्यांचा संप कोमेजून गेलाय, नि त्याच सुमाराला हा निकाल.

निकालातला तर्क मला पटतो. फक्त तो एका गोष्टीवर उभा आहे, ती म्हणजे एकीला दिलेला मान खऱ्या माणसांच्या पाठिंब्यावर दिलेला असणं. मग मोजायचं कसं? हा प्रश्न 1969 मध्येच पहिल्या राष्ट्रीय श्रम आयोगासमोर आला होता. अध्यक्ष होते निवृत्त सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर, आपले साताऱ्याचे. इंटकला पावत्या तपासणं हवं होतं, आयटकसारख्यांना गुप्त मतदान. आयोगानं दोन्ही वाटा मोकळ्या ठेवल्या. 1995 मध्ये फूड कॉर्पोरेशनच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं गुप्त मतदान कसं घ्यायचं याची पायरीपायरीनं पद्धत लिहून दिली. तिथं दोन्ही बाजू मतदानाला राजी होत्या, म्हणून सोपं गेलं. पेपरात त्याची फार चर्चा नसते, पण एवढ्या वर्षांत ‘माणसांनाच विचारा ना’ हे इतक्या सरळपणे लिहिलेला हा निकाल मला सगळ्यात जवळचा वाटतो.

आता तुमच्यापुरतं. 2020चा औद्योगिक संबंध संहितेचा कायदा 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालाय. त्यात 51 टक्के सभासद असलेली युनियन एकटी बोलणी करणार. तेवढे कुणाकडेच नसतील तर वीस टक्क्यांच्या वरच्या युनियनची मिळून परिषद. पाववरून निम्म्याच्या पुढे आलो, हे चांगलंच. पण त्याच संहितेत कुठल्याही कारखान्यात संपाआधी चौदा दिवसांची नोटीस आलीय, आणि निम्म्या लोकांनी ठरवून एकाच दिवशी रजा टाकली तर तोही संप. त्यामुळे आपल्याला जुना प्रश्न परत विचारावा लागेल: बोलणारा बदलायचा असेल तर तो मार्ग किती लांबचा, आणि वाटेत कायदा मोडावा लागतो का?

त्या श्रोत्याला मी हे सगळं थोडक्यात कळवलं. त्याचा लगेच दुसरा मेसेज. त्याचे आजोबा गिरणीत होते आणि घरी म्हाडाच्या अर्जाची फाइल आहे. गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत 2012 मध्ये निघाली. त्या घरांना पात्र कोण, याचा नियम त्यानं मला विचारला, आणि मला तो माहीत होता. 1 जानेवारी 1982ला किंवा त्यानंतर गिरणीच्या हजेरीपटावर ज्याचं नाव होतं तो. संपाच्या सतरा दिवस आधीची तारीख. म्हणजे जे बेकायदेशीर संपावर गेले ते सगळे इथं धरले. त्याच्या आजोबांचा तिकीट नंबर साचेखात्यातला आहे, हजेरी कार्ड उंदरांनी कुरतडलंय, आणि वारसाच्या दाखल्यासाठी काकांची सही अजून यायचीय.